पीएचडीच्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी लेखन: गाइडने हात कुठे घालावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात विज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी गाइडशिप मिळाली. चार विद्यार्थी आहेत. दोघं खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. एक अथणीकडची, कन्नड माध्यमाची. एक निपाणीचा. प्रयोग मनापासून करतात, पण इंग्रजीत लिहिलेलं प्रकरण हातात आलं की काय करावं सुचत नाही. सगळं मीच पुन्हा लिहून द्यायचं का? की पैसे देऊन कुणाकडून तरी दुरुस्त करून घ्या म्हणून सांगू?"

सर, यातलं एकही करू नका. का ते सांगते.

मी बेळगावात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं शनिवारची दुपार पीएचडी करणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवली. सुरुवातीच्या काळात रसायनशास्त्रातल्या एका मुलाचं चाळीस पानांचं प्रकरण माझ्याकडे आलं. तीन रात्री जागून मी ते लाल पेनाने तपासलं. एक ओळ सोडली नाही. त्याने सगळ्या दुरुस्त्या जशाच्या तशा टाइप केल्या, आणि पुढच्या प्रकरणात त्याच चुका पुन्हा आल्या. मी परत लाल केलं. मग चार महिने तो आलाच नाही. मित्राजवळ म्हणाला होता, "मॅडमनी एवढं लाल केलं की त्यात माझं काय उरलंच नाही." ते माझ्या कानावर आलं त्या दिवसापासून मी अख्खं प्रकरण तपासणं बंद केलं.

व्याकरण दुरुस्त करून देण्याने दुसऱ्या भाषेत लिहिणारा सुधारतो का, यावर अभ्यासकांमध्येही मोठा वाद झालेला आहे. १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी अशी दुरुस्ती सोडूनच द्यावी असं मांडलं, आणि १९९९ मध्ये डाना फेरिस यांनी त्याला उत्तर दिलं. माझा अनुभव दोघांच्या मधला आहे. एका वेळी एकच प्रकारची चूक धरली आणि विद्यार्थ्याने ती स्वतः शोधून काढली, तर ती जाते. वीस प्रकारच्या चुका एकदम दाखवल्या, तर पुढच्या वेळी वीसच्या वीस परत येतात.

पण व्याकरण ही नंतरची गोष्ट. पहिली अडचण वेगळीच असते, आणि ती एका मुलीच्या कागदावर मला जशी दिसली तशी सांगते. (विषय ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ही मुलगी खानापूरच्या पश्चिमेकडची, विहिरींच्या पाण्यावर काम करणारी. तिच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात होती, "वॉटर इज लाइफ. सिन्स एन्शन्ट टाइम्स वॉटर इज प्लेइंग अ व्हायटल रोल." पुढची दोन पानं पृथ्वीवर पाणी किती, समुद्रात किती, गोडं पाणी किती. तिची विहीर कुठे आली? सातव्या पानावर. सर, हा दोष इंग्रजीचा नव्हे. शाळेत आपण 'पाणी हेच जीवन' हा निबंध जसा लिहायला शिकलो, तीच चाल इंग्रजी शब्दांत उतरली आहे. निबंध विश्वापासून सुरू करायचा आणि हळूहळू खाली यायचं. परीक्षकाला सातव्या पानापर्यंत थांबायची सवड नसते.

मी कागद पालथा घातला आणि विचारलं, "तुला काय सापडलं ते सांग. मराठीत सांग." ती म्हणाली, "मॅडम, पावसाच्या आधी नि नंतर चाळीस विहिरींचं पाणी बघितलं. शेताजवळच्या विहिरीत पावसानंतर नायट्रेट वाढतंय. पण सगळ्या विहिरीत नाही. कट्टा बांधलेल्या विहिरीत वाढ कमी हाय. आधीच्या लोकांनी पाणी तपासलं, विहिरीचं बांधकाम कुणी बघितलंच नाही."

अर्ध्या मिनिटात तिने सगळं सांगून टाकलं. संशोधन लेखाची प्रस्तावना कशी चालते याचा एक आराखडा जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडला, आजही तो बऱ्याच ठिकाणी शिकवला जातो. आधी क्षेत्र दाखवायचं, मग त्यातली मोकळी जागा दाखवायची, मग त्या जागेत आपण काय केलं ते सांगायचं. तिच्या त्या चार-पाच वाक्यांत हे तिन्ही होतं. मोकळी जागा तर शेवटच्या वाक्यात नेमकी होती: बांधकाम कुणी बघितलं नाही. सात पानांत मात्र ती कुठेच नव्हती.

मी तिला तेच फोनवर रेकॉर्ड करायला लावलं. मग वाक्यं मराठीतच कागदावर उतरवली, आणि एकेका वाक्याचं एकेक इंग्रजी वाक्य केलं. मोकळ्या जागेचं वाक्य तिने असं लिहिलं: "नन हॅज स्टडीड वेल कन्स्ट्रक्शन." मी विचारलं, कुणीच नाही? तू सगळं वाचलंस? मग त्याचं "फ्यू स्टडीज हॅव एक्झामिन्ड वेल कन्स्ट्रक्शन" झालं. एवढ्या एका शब्दावर आमची वीस मिनिटं गेली, आणि ती वीस मिनिटं माझ्या त्या तीन रात्रींपेक्षा कामाची ठरली.

म्हणून, सर, तुमच्या चौघांकडून पुढच्या बैठकीत प्रकरण मागू नका. "काय सापडलं" ते बोलून घ्या. खानापूरच्या मुलांना मराठीत बोलू द्या, अथणीच्या मुलीला कन्नडमध्ये. आपल्या भागात गाइडला दोन्ही भाषा कळतात ही केवढी मोठी सोय आहे, आणि आपण ती वापरतच नाही. सेमिनार हॉलमध्ये इंग्रजीतच बोलायचं असा दंडक घालतो, मग मुलं गप्प बसतात आणि आपण समजतो त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. इथली मुलं घरी एक भाषा, कचेरीत दुसरी आणि प्रबंधात तिसरी अशी लहानपणापासून वावरतात. त्यांची बुद्धी कमी पडत नाही. इंग्रजीत चुकलो तर हसतील, ही धास्ती मात्र खोल असते. ती धास्ती आधी काढा.

एक इशारा. अख्खं प्रकरण मराठीत लिहून मग भाषांतर करायला सांगू नका. फक्त गाभ्याची पाच-सहा वाक्यं मराठीत. नाहीतर मराठी वाक्याचा सांगाडा तसाच इंग्रजीत जातो. "नमुने गोळा करून, गाळून, थंड ठिकाणी ठेवून तपासले" हे मराठीत किती सुबक आहे. 'करून, जाऊन, घेऊन' ही आपल्या भाषेची ताकद. इंग्रजीत तेच "आफ्टर कलेक्टिंग, बाय फिल्टरिंग, कीपिंग इन कूल प्लेस" असं होतं आणि कुणी काय केलं याचा पत्ता लागत नाही. तिथे प्रत्येक कृतीला स्वतःचं क्रियापद द्यायचं: कलेक्टेड, फिल्टर्ड, स्टोअर्ड, अॅनलाइज्ड. एकदा हे समजावलं की मुलांच्या कार्यपद्धतीच्या प्रकरणातला निम्मा गोंधळ जातो.

आता त्या चुका, ज्या आपल्या भाषेतून येतात. विद्यार्थ्याला "चुकलं" म्हणण्याऐवजी "हे मराठीतून कसं आलं बघ" असं दाखवलं की तो आपणहून शोधायला लागतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक काळाची. मराठीत "२०१५ मध्ये अमुक यांनी या विषयावर अभ्यास केला आहे" हे वाक्य अगदी बरोबर. म्हणून मुलं लिहितात "हॅज स्टडीड इन २०१५". इंग्रजीत वर्ष दिलं की 'हॅज' जातो, साधा भूतकाळ येतो. वर्ष न देता "या विषयावर बरेच काम झाले आहे" म्हणायचं असेल तेव्हा 'हॅज बीन'. हा एकच नियम धरून संदर्भ साहित्याचं प्रकरण वाचायला लावा, दर पानावर चार-पाच जागा सापडतील. तसंच "गेल्या पाच वर्षांपासून" चं "फ्रॉम लास्ट फाइव्ह इयर्स" होतं, तिथे 'फॉर' हवं. आणि "आहे" ची सवय 'इज हॅविंग' मध्ये उतरते: "द सॉइल इज हॅविंग हाय पीएच". मातीकडे पीएच असतो, ती तो करत बसलेली नसते. साधं 'हॅज' पुरे.

'ए' आणि 'द' मराठीतही नाहीत, कन्नडमध्येही नाहीत. त्यामुळे ही चूक सर्वांत शेवटी जाते, आणि काहींची कधीच पूर्ण जात नाही. मी तिच्या मागे लागत नाही. प्रकरण पूर्ण झाल्यावर शेवटच्या वाचनात प्रत्येक नामाभोवती वर्तुळ काढायला लावते आणि एकच प्रश्न विचारायला लावते: ही वस्तू वाचकाला आधीच माहीत झाली आहे का? झाली असेल तर 'द'. यातून सगळं बरोबर येत नाही, पण वाचताना ठेच लागणं थांबतं.

वाक्यातल्या शब्दांच्या जागेबद्दल बहुतेक गाइड काही सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. मराठीत ज्यावर जोर द्यायचा ते आपण क्रियापदाच्या अगदी आधी ठेवतो: "ही विहीर मागच्या वर्षी आजोबांनी खणली." लिखित इंग्रजीत जोराची जागा बहुधा वाक्याच्या शेवटी असते. वाचकाला माहीत असलेलं आधी, नवं शेवटी. मुलं मुख्य निष्कर्ष वाक्याच्या मध्ये पुरतात आणि शेवटी "इन द प्रेझेंट स्टडी" सारखं काहीतरी लटकवतात. ते शेपूट पुढे घ्यायला सांगा. शब्द तेच राहतात, वाक्य उभं राहतं.

संदर्भ साहित्याचं प्रकरण हा तर सगळ्यांचाच दुखरा भाग. शर्मा (२०१२) स्टडीड. रेड्डी (२०१४) स्टडीड. कुलकर्णी (२०१६) आल्सो स्टडीड. ऐंशी परिच्छेद, प्रत्येकाच्या सुरुवातीला एक नाव. हजेरीपट वाचल्यासारखं. यावर उपाय भाषेचा नाही. एक्सेलमध्ये एक तक्ता करायला सांगा. आडव्या ओळींत लेख, उभ्या रकान्यांत प्रश्न: कुठे केलं, कसं मोजलं, काय सापडलं, कशाकडे लक्ष गेलं नाही. तक्ता भरला की लिहायचं रकान्याप्रमाणे, ओळीप्रमाणे नाही. "पावसानंतर वाढ दिसली असं सांगणारे हे सहा जण, न दिसली असं सांगणारे हे दोन, आणि दोन्ही गटांचे खडक वेगळे होते." परिच्छेदाचं पहिलं वाक्य नावाने सुरू होता कामा नये, एवढा एक नियम मी कडक ठेवते. तो पाळला की मुलाला विचार करावाच लागतो.

इथेच आपल्या भागाची एक खास गोष्ट. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहरांची नावं बदलली. बेलगाम चं इंग्रजी स्पेलिंग बेळगावी झालं, विजापूर, गुलबर्गा, हुबळी यांचंही तसंच. तुमचा विद्यार्थी नवं स्पेलिंग टाकून शोधत असेल तर त्याआधीचे लेख त्याला दिसणारच नाहीत, आणि मग तो निर्धास्तपणे लिहील की या जिल्ह्यावर काम झालेलं नाही. दोन्ही स्पेलिंग टाकून शोधायला सांगा. प्रबंधात पहिल्यांदा नाव येईल तिथे जुनं नाव एकदा द्यावं, पुढे सगळीकडे एकच. तसंच गुंठा. आपल्याला चाळीस गुंठ्यांचा एकर पाठ असतो, पण बाहेरच्या परीक्षकाला नसतो. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, हे एकदा लिहून पुढे हेक्टरमध्ये चालावं. नाचणीला इथे कुणी रागी म्हणतं, कुणी नाचणी, इंग्रजीत फिंगर मिलेट. पहिल्या उल्लेखात शास्त्रीय नाव द्या आणि मग एकच नाव धरा. जिथे इंग्रजी शब्दच नाही, उदाहरणार्थ पाणंद, तिथे मूळ शब्द ठेवून एका ओळीत अर्थ सांगावा. ओढूनताणून इंग्रजी प्रतिशब्द शोधू नये.

निष्कर्ष लिहिताना मुलं 'प्रूव्ह' आणि 'क्लिअरली' फार वापरतात. त्यांना मी मराठीतली शिडी देते: सिद्ध होतं, दिसतं, सूचित होतं, शक्यता आहे, नाकारता येत नाही. तुझ्या आकड्यांवरून तू कुठल्या पायरीवर उभा आहेस? मराठीत विचारलं की उत्तर लगेच प्रामाणिक येतं. "मॅडम, सूचित होतं एवढंच." मग 'सजेस्ट' लिही. डेमॉन्स्ट्रेट, शो, सजेस्ट, मे, कॅनॉट बी रूल्ड आउट, ही इंग्रजी शिडी त्याच्याच शेजारी भिंतीवर लावून ठेवा.

उचलेगिरीबद्दल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यावर ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष देता येत नाही, आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण माझ्या पाहण्यातली बहुतेक मुलं चोरी करायची म्हणून उचलत नाहीत. "त्यांनी एवढं चांगलं इंग्रजी लिहिलंय, मी कशाला बिघडवू?" हे मला एका मुलीने डोळ्यात पाणी आणून विचारलं होतं. तिला रागावून काय मिळणार? मी तिला पद्धत दिली: परिच्छेद वाच, पान मिट, मराठीत मला सांग, मग इंग्रजीत लिही, शेवटी मूळ उघडून आकडे तपास आणि संदर्भ दे. मराठीच्या पुलावरून येताना मूळ वाक्यरचना मागे राहते. संदर्भ मात्र द्यावाच लागतो, कारण विचार त्यांचा आहे.

टक्केवारी खाली आणण्यासाठी शब्द बदलून देणारी सॉफ्टवेअर वापरू देऊ नका. २०२१ मध्ये गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापून आलेल्या लेखांतले असे विचित्र शब्दप्रयोग उघड केले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बूझम पेरिल'. असा एक शब्द सापडला की परीक्षकाचा अख्ख्या प्रबंधावरचा विश्वास जातो. एआयबद्दलही मी मुलांना सरळ सांगते: स्वतः लिहिलेल्या परिच्छेदात व्याकरणाची चूक कुठे आहे ते विचारायला हरकत नाही, परिच्छेद लिहून मागायचा नाही, आणि त्याने दिलेला एकही संदर्भ मूळ लेख उघडून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. अस्तित्वातच नसलेले लेख ते बिनदिक्कत देतं.

मोफत साधनांत मँचेस्टर विद्यापीठाची अकॅडेमिक फ्रेजबँक चांगली आहे. मर्यादा कशा मांडाव्यात, मतभेद कसा दाखवावा, याचे साचे तिथे मिळतात. शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन प्रबंधसाठ्यातले, प्रबंध वाचायला सांगा, पण नमुना म्हणून नको. नमुन्यासाठी त्यांच्या विषयातल्या चांगल्या नियतकालिकातले तीन लेख तुम्ही स्वतः निवडून द्या. मुलांनी त्यातला प्रत्येक परिच्छेद काय काम करतो ते समासात मराठीत लिहावं. शब्दांच्या याद्या पाठ करायला लावू नका. वेळ जातो, हाताला काही लागत नाही.

पैसे देऊन दुरुस्ती करून घ्यावी का? सगळं लिहून झाल्यावर, शेवटच्या हातासाठी, फक्त भाषेपुरती, आणि विद्यापीठाचे नियम बघून करायला हरकत नाही. त्याआधी नाही. निपाणीचा तुमचा मुलगा नोकरी करून शिकत असेल तर पानामागे पैसे भरणं त्याला परवडणारही नाही, आणि मौखिक परीक्षेत "हे वाक्य समजावून सांगा" म्हटल्यावर तो अडकेल. मी ते घडताना बघितलंय. ते बघणं फार वाईट असतं.

वेळेचं म्हणाल तर, दर आठवड्याला एक पान. तीस नाही, एक. तुम्ही ते पंधरा मिनिटांत वाचा आणि एकच गोष्ट धरा: या महिन्यात काळ, पुढच्या महिन्यात परिच्छेदाचं पहिलं वाक्य, त्यानंतर शिडी. चुकीखाली फक्त रेघ ओढा, दुरुस्ती त्यांनी करायची. चौघांना एकत्र बसवा. कन्नडवाली मराठीवाल्याचं पान वाचेल तेव्हा त्यांना एकमेकांशी इंग्रजीतच बोलावं लागेल, आणि तिथे हसणारं कुणी नसेल. कोर्सवर्कच्या काळातच हे सुरू करा. यूजीसीच्या नियमाने किमान तीन वर्षं मिळतात, आणि बहुतेक ठिकाणी लिहायला शेवटच्या सहा महिन्यांत बसवतात. तिथेच मुलं घाबरतात आणि उचलायला लागतात.

त्या विहिरीवाल्या मुलीने पुढे कट्ट्याचं वाक्य थेट पहिल्या पानावर आणलं. "वॉटर इज लाइफ" हे वाक्य काढताना तिला वाईट वाटत होतं. मी म्हटलं, अर्पणपत्रिकेत ठेव. तिने ते तिथे मराठीत ठेवलं, आजीच्या नावाखाली.